गुच्छीची कळी धरते, पण वाढत नाही : अडचण कोणत्या टप्प्यावर आहे ते कसे ओळखावे

गुच्छीची, म्हणजे इंग्रजीत मोरेल म्हणतात त्या अळंबीची, लागवड करून पाहणाऱ्यांची तक्रार दर हंगामात जवळपास सारखीच असते. गादीवाफ्यावर पांढरा थर चांगला पसरतो, वाफ्यावर ठेवलेल्या अन्नाच्या पोषण पिशव्या तंतूंनी भरतात, थंडी असते, पाणी दिलेले असते, आणि एके सकाळी ढेकळांच्या कडेला खसखशीएवढ्या पांढऱ्या कळ्या दिसू लागतात. त्यानंतर चार-पाच दिवसांत त्या पिवळसर पडतात, आक्रसतात आणि मातीत दिसेनाशा होतात. पुढच्या वर्षी बियाणे बदलले जाते, विक्रेता बदलला जातो, पिशवीतील मिश्रण बदलले जाते, आणि कळ्या पुन्हा त्याच टप्प्यावर मरतात.

ही अडचण पुन्हा पुन्हा येण्याचे मुख्य कारण माझ्या मते असे आहे, की गुच्छीला प्रत्येक टप्प्यावर निराळी परिस्थिती लागते आणि आधीच्या टप्प्याला मानवलेली ऊब, अंधार, अन्न किंवा पाणी पुढच्या टप्प्याला मारक ठरते. आपण मात्र लागणीपासून काढणीपर्यंत एकच व्यवस्था चालू ठेवतो. म्हणून उपाय शोधण्यापूर्वी वाढ नेमकी कुठे थांबली हे ठरवावे लागते. बियाण्याला दोष देण्याची वेळ अगदी शेवटी येते.

गुच्छी वाढते कशी

बटन किंवा धिंगरी अळंबीचा अनुभव गाठीशी असलेल्यांना गुच्छी अधिक चकवते. त्या दोन्ही अळंब्या कंपोस्ट किंवा पेंढा खातात आणि ज्या पिशवीत अन्न आहे त्याच पिशवीवर फळ देतात. गुच्छीचे कूळच वेगळे आहे. तिचे बीजाणू छत्रीखालच्या पातळ पापुद्र्यांवर तयार होत नाहीत. टोपीवर जे खळगे दिसतात त्यांच्या आतील अस्तरात सूक्ष्म नळ्या उभ्या असतात आणि प्रत्येक नळीत आठ बीजाणू असतात. असा बीजाणू ओल्या मातीत रुजला की त्यातून तंतू निघतात, ते एकमेकांना जोडले जाऊन जाळे तयार होते, आणि अन्न संपू लागले किंवा परिस्थिती प्रतिकूल झाली की त्या जाळ्यात ठिकठिकाणी पेशी फुगून पिंपासारख्या होतात. या पेशींत तेलाचे थेंब साठतात आणि त्यांच्या टणक, तांबूस-तपकिरी गाठी बनतात. स्क्लेरोशिया म्हणतात ते हेच. थॉमस वोल्क आणि थॉमस लिओनार्ड या अमेरिकी संशोधकांनी 1990 मध्ये गुच्छीच्या जीवनचक्राची मांडणी केली, तिच्या केंद्रस्थानी ही गाठ आहे. गाठीपुढे दोन वाटा असतात : परिस्थिती सुखाची असेल तर तिच्यातून पुन्हा तंतूच निघतात, आणि अन्न तुटलेले, माती थंड व पाणी भरपूर असेल तर ती फळाकडे वळते. लागवडीचे सारे तंत्र म्हणजे ही दुसरी वाट तिला घ्यायला लावणे होय.

डाळिंब किंवा संत्र्याच्या बागेत बहार धरताना आपण आधी झाडाला पोसतो, मग पाणी तोडून ताण देतो आणि त्यानंतर एकदम पाणी सोडतो. ताण अर्धवट राहिला तर झाड हिरवेगार दिसते आणि फूल येत नाही. गुच्छीच्या बाबतीत ताण पाण्याचा नसून अन्नाचा असतो, एवढाच फरक आहे.

रोनाल्ड ओवर यांनी 1982 मध्ये बंदिस्त जागेत गुच्छी वाढवून दाखवली, तीही याच तत्त्वावर, आणि त्या पद्धतीला अमेरिकेत 1986 मध्ये पेटंट मिळाले. पुढे चीनमध्ये, विशेषतः सिच्वान प्रांतात, शेतातील वाफ्यांवर शेडनेटखाली लागवडीची रीत बसली आणि 2012 च्या सुमारास ती व्यापारी प्रमाणावर पसरली. तेथे मोर्केला इम्पॉर्चुना, मोर्केला सेक्स्टेलाटा आणि मोर्केला एक्झिमिया या काळ्या गुच्छीच्या जाती घेतल्या जातात. आपल्याकडे सोलन येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या अळंबी संशोधन संचालनालयानेही अलीकडच्या वर्षांत लागवडीची गुच्छी घेऊन दाखवली आहे.

सिच्वानच्या पद्धतीचा गाभा म्हणजे पोषण पिशवी. वाफ्यावर बियाणे पेरल्यानंतर साधारण 7 ते 15 दिवसांनी गहू, भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा यांचे निर्जंतुक केलेले मिश्रण भरलेल्या पिशव्यांना एका बाजूने चिरा देऊन ती बाजू मातीला टेकवून ठेवतात. चौरस मीटरला तीन-चार पिशव्या पुरतात. मातीतील तंतू पिशवीत चढतात, तेथील अन्न पचवतात आणि ते मेदाच्या रूपात मातीतील जाळ्यात आणून साठवतात. सुमारे 40 ते 45 दिवसांनी पिशवी रिकामी होते. त्या घटकेला तंतूंजवळ साठा असतो, पण बाहेरून येणारे अन्न थांबलेले असते.

कुलू, चंबा, किश्तवाड, कुपवाडा या भागांतील जंगलांत हेच चक्र निसर्ग चालवतो. हिवाळाभर बर्फाखाली माती गारठलेली असते, मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून ती पाण्याने तुडुंब भिजते, आणि नंतर दिवसा ऊन व रात्री गारठा अशा आठवड्यांत देवदाराच्या सावलीत गुच्छी वर येते. विजांचा कडकडाट झाला की गुच्छी उगवते असे तेथील गावकरी पिढ्यानपिढ्या सांगतात. विजेबरोबर पाऊस येतो आणि थंड माती एकाएकी भिजते, ही बाब लक्षात घेतली तर त्या सांगण्यातला निरीक्षणाचा भाग मला खरा वाटतो.

पांढरा थरच आला नाही तर

ही अडचण तुलनेने सोपी आहे. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांत मातीवर पिठाची चाळण धरल्यासारखा पांढरा थर दिसला पाहिजे. तो न दिसल्यास वाफ्याची दोन बोटे माती बाजूला करून बियाण्याचे, म्हणजे ज्यांवर गुच्छीचे तंतू वाढवलेले असतात ते, गव्हाचे दाणे पाहावेत. दाण्यांवर हिरवी किंवा काळी बुरशी असेल तर बियाणे दूषित होते किंवा पेरणीच्या वेळी माती गरम होती. मातीचे तापमान 20 अंशांच्या खाली उतरल्याशिवाय पेरणी करू नये. दाणे कोरडे असतील तर ओल कमी पडली. दाणे स्वच्छ आणि तंतू अगदी विरळ असतील तर मातीचा सामू (पीएच) तपासावा. गुच्छीला उदासीन ते किंचित विम्लधर्मी माती मानवते, आणि आम्लधर्मी जमिनीत पेरणीच्या आधी चुना किंवा लाकडाची राख मिसळावी लागते. बियाण्याची बाटली घेतानाच तिच्या काचेलगत आणि दाण्यांमध्ये सोनेरी-तपकिरी गाठी दिसतात का, हे पाहून घ्यावे. नुसते पांढरे, कापसासारखे आणि एकही गाठ नसलेले बियाणे कितीही देखणे दिसले तरी मी ते पेरणार नाही.

थर आला, पण कळी नाही

पांढऱ्या थराविषयी मोठा गैरसमज आहे. तो थर म्हणजे गुच्छीचे अलैंगिक बीजाणू असून त्यातून थेट फळ येत नाही. तो आला याचा अर्थ तंतू जिवंत आहेत आणि खात आहेत, इतकाच. पोषण पिशव्या ठेवल्यानंतर हा थर हळूहळू ओसरला पाहिजे आणि मातीचा रंग पुन्हा दिसू लागला पाहिजे. थर जाड आणि ताजा राहत असेल तर तंतूंना अन्न अजून मिळत आहे असे समजावे. हे बहुधा शेणखत किंवा कंपोस्ट घातलेल्या वाफ्यांवर घडते. भाजीपाल्याच्या सवयीने आपण वाफा भरताना शेणखत घालतोच, आणि नेमके तेच गुच्छीला नडते, कारण मातीत अन्न शिल्लक असेपर्यंत तंतूंना फळ देण्याचे कारणच उरत नाही. वाफ्याची माती निचऱ्याची, भुसभुशीत आणि कसाने बेताची असावी.

थर ओसरला, पिशव्या रिकाम्या होऊन मऊ पडल्या आणि तरीही कळी दिसत नाही, अशा वेळी पाण्याकडे आणि थंडीकडे वळावे. तंतू वाढत असताना माती वाफशावर असावी लागते. मूठभर माती दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोटाने टोचताच तो फुटावा, ही जुनी परीक्षा येथे उत्तम चालते. कळी धरवताना मात्र पिशव्या उचलून वाफा एकदा पूर्ण भिजवावा लागतो, इतका की वरच्या वीतभर मातीत पाणी पोहोचेल, आणि त्यानंतर ते पाणी दोन दिवसांत निचरून गेले पाहिजे. थोडे थोडे शिंपडून हा परिणाम साधत नाही. याच काळात 5 सेंटीमीटर खोलीवर मातीचे तापमान साधारण 6 ते 12 अंशांच्या दरम्यान असावे आणि दिवस-रात्रीच्या हवेच्या तापमानात 10 अंशांच्या आसपास फरक पडावा. काळोख्या खोलीत कळी धरत नाही. विरळ, पसरलेला उजेड आवश्यक असतो. उघड्यावर 85 ते 95 टक्के सावलीची जाळी वापरतात, ती हाच उजेड मिळावा म्हणून.

या टप्प्यावर वाफ्यावर कधी कधी तपकिरी, वाटीच्या आकाराची, देठ नसलेली अळंबी उगवते आणि गुच्छी आली असे समजून आनंद होतो. ती गुच्छीची दूरची नातलग असली तरी गुच्छी नव्हे. ती दाटीने आली तर माती अतिओली, घट्ट आणि हवा न खेळणारी आहे, शिवाय तापमानही जास्त आहे, असा तिचा निरोप समजावा. वाट्या उपटून टाकून वाफ्यांमधील चऱ्या खोल कराव्यात आणि निचरा सुधारावा.

हे सारे व्यवस्थित असूनही सलग दोन वर्षे कळी धरली नाही, तर मात्र बियाण्याचा विचार करावा. काळ्या गुच्छीत दोन लैंगिक प्रकार असतात आणि एकाच वाणाचे वारंवार उपसंवर्धन करत गेल्यास, म्हणजे जुन्या तंतूंपासून पुन्हा पुन्हा नवे तंतू वाढवत गेल्यास, त्यांतील एक प्रकार क्षीण होऊ शकतो. अशा बियाण्याचे तंतू जोमाने वाढतात, परंतु फळ देण्याची क्षमता घटलेली असते. मूळ संवर्धनापासून किती पिढ्या झाल्या आहेत, हे विक्रेत्याला विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर तेथून बियाणे घेऊ नये.

कळी धरली आणि मेली

हा खरा पेच आहे आणि सर्वाधिक नुकसान येथेच होते. वाफ्याशेजारी गुडघे टेकून दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिले, तर पहिल्या दिवसाची कळी म्हणजे मिलिमीटरपेक्षाही लहान, गुळगुळीत, काचेसारखी पांढरी गोळी असते. ती मातीच्या ढेकळाच्या सावलीकडच्या बाजूला, बहुधा दोन ढेकळांमधील फटीत चिकटलेली असते. दोन-तीन दिवसांत ती लांबट होऊन सुईसारखी उभी राहते. मग तिच्या टोकाला राखाडी छटा येते आणि त्या राखाडी भागावर बारीक उभ्या रेघा उमटू लागतात; याच रेघांच्या पुढे कडा बनतात आणि मधल्या जागेचे खळगे होतात. गोळीपासून रेघांपर्यंतचे हे सात-आठ दिवस फार नाजूक असतात, कारण टोपीची त्वचा अजून तयार झालेली नसते आणि कळीतील जवळपास सगळे वजन पाण्याचेच असते. रेघा उमटल्यानंतर गुच्छी बरीच सोसते. त्याआधी ती तासाभराच्या कोरड्या वाऱ्यानेही जाते.

मेलेली कळी कशी दिसते यावरून कारण बऱ्याच अंशी ठरवता येते, म्हणून ती मातीत मिसळून जाण्यापूर्वीच पाहावी.

टोक तांबूस किंवा पिवळे होऊन वाळले आहे आणि खालचा भाग अजून पांढरा आहे, असे दिसले तर हवा कोरडी पडली. आर्द्रता 85 ते 95 टक्के राखावी लागते, परंतु मोजायची ती मातीलगत, वाफ्यापासून चार बोटांवर. खोलीच्या भिंतीवर लावलेला आर्द्रतामापक 90 दाखवत असतो आणि पंख्याच्या झोतात येणाऱ्या वाफ्यावर हवा कोरडी असते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे. अशा खोल्यांत दाराजवळच्या वाफ्यांवरील कळ्या मेलेल्या असतात आणि कोपऱ्यातल्या टिकलेल्या असतात. मेलेल्या कळ्यांचा नकाशा कागदावर काढला तर वारा कुठून येतो ते लगेच कळते. उपाय म्हणून झोत अडवावा, वाफ्यांवर कमी उंचीच्या कमानी करून त्यांवर छिद्रांची पातळ फिल्म टाकावी आणि पाणी वाफ्यावर न मारता चऱ्यांमध्ये सोडावे. चऱ्यांतील ओल मातीतून चढते आणि हवेतही राहते.

कळी पाणचट, अर्धपारदर्शक होऊन कोलमडली असेल तर तिच्यावर थेट पाणी पडले किंवा ती गोठली. कळ्या दिसल्यावर घाबरून झारीने पाणी घालणे ही फार प्रचलित चूक आहे. त्या थेंबांबरोबर उडालेली बारीक माती कळीवर बसते, कळीभोवती पाण्याचा पापुद्रा राहतो, हवा तुटते आणि ती गुदमरते. फॉगर वापरायचा असेल तर त्याचा तुषार हवेतच विरला पाहिजे. हात धरल्यावर तळव्यावर थेंब जमत असतील तर तो फॉगर या कामाचा नाही. कुलू किंवा काश्मीरच्या उघड्या वाफ्यांवर फेब्रुवारी-मार्चमध्ये एखादी रात्र शून्याखाली जाते, तेव्हाही कळ्या अशाच पाणचट होतात. तेथे रात्री कमानींवर दुसरे आच्छादन टाकून ते सकाळी उशिरा काढावे.

कळीवर पांढरी लव किंवा कापूस दिसत असेल आणि तो हळूहळू शेजारच्या कळ्यांवर सरकत असेल तर तो रोग आहे. टोपीवर पांढऱ्या चकत्या पाडणारी पेसिलोमायसिस गटातील बुरशी आणि देठ कुजवणारी फ्युजेरियम या दोन्हींची नोंद चीनमधील लागवडीत झाली आहे. तापमान चढलेले आणि हवा कोंडलेली असताना त्या पसरतात. रोगट कळ्या भोवतालच्या मातीसह चमच्याने उचलून बंद पिशवीतून बाहेर न्याव्यात, त्या जागी चुना टाकावा आणि वायुवीजन वाढवावे. काढणीला येणाऱ्या अळंबीवर बुरशीनाशक फवारू नये. गुच्छी स्वतः बुरशीच आहे, तिला वाचवून तिच्यावरील बुरशी मारणारे औषध शोधण्यात हंगाम निघून जातो.

आणि चौथा प्रकार, जो सर्वांत जास्त चकवतो : संपूर्ण वाफ्यावरील कळ्या एकाच वेळी, दोन दिवसांत, पिवळ्या पडून आक्रसतात, त्यांवर ना लव असते ना पाणी. हा उष्णतेचा परिणाम होय. कळी धरल्यावर मातीचे तापमान 10 ते 16 अंशांत राहावे, ते 18 च्या वर गेले की धोका सुरू होतो आणि हवा 20 च्या वर काही तास राहिली तरी सुईच्या अवस्थेतील कळ्या गळतात. यात फसगत अशी होते, की लोक किमान तापमान पाहतात. सकाळी सहाला 7 अंश दिसले की समाधान होते. दुपारी दोनला शेडनेटखाली किती होते ते कोणी पाहत नाही, आणि दुपारची ऊब मातीत शिरून संध्याकाळी सात-आठ वाजेपर्यंत कळीच्या मुळाशी टिकते हे तर हवेच्या तापमापकात कधीच दिसत नाही. म्हणून मातीत खुपसण्याचा साधा तापमापक घ्यावा, तो 5 सेंटीमीटरवर ठेवावा आणि पहाटे, दुपारी दोनला व संध्याकाळी सातला अशा तीन नोंदी रोज कराव्यात. इतर कोणत्याही उपकरणापेक्षा या तीन नोंदींनी अधिक वाफे वाचतात असे माझे ठाम मत आहे. दुपारची नोंद चढू लागली तर दुसरी जाळी टाकणे, सकाळी अकराच्या आत चऱ्यांत थंड पाणी सोडणे आणि बाजूचे पडदे रात्री उघडून पहाटे बंद करणे, हे तीन उपाय लगेच करता येतात.

महाराष्ट्रातील वाफ्यांची अडचण

निफाडला थंडीत किमान तापमान कधी कधी 5 अंशांखाली उतरते, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, आणि अशा बातम्या वाचून तेथे गुच्छी का येऊ नये असा प्रश्न स्वाभाविकपणे विचारला जातो. रात्रीच्या थंडीचा प्रश्न नाही. त्याच दिवसांत दुपारचा पारा 25 च्या आसपास किंवा त्याहून वर जातो, आकाश निरभ्र असल्याने माती तापते, आणि थंडीची लाट ओसरली की आठवड्याच्या आत सगळे अंक वर सरकतात. गुच्छीला कळीपासून काढणीपर्यंत साधारण तीन आठवडे सलग गारवा हवा असतो. दोन रात्रींच्या कडाक्याने कळ्या धरतात, आणि पुढच्या ऊबदार दुपारी त्या जातात. म्हणजे आपल्याकडे कळी मरण्याची अडचण हवामानातच रुजलेली आहे, आणि उघड्या शेतात किंवा साध्या पॉलिहाऊसमध्ये बियाणे बदलून ती सुटणार नाही. येथे गुच्छी घ्यायची तर मातीसकट थंड करता येणारी बंद खोली हवी आणि तिचा वीजखर्च आधी मांडावा. तो हिशेब न मांडता, प्रतिकिलो हजारो रुपये भाव ऐकून कर्ज काढून शेड उभारणाऱ्यांविषयी मला मनापासून काळजी वाटते. ज्यांच्याकडे बटन अळंबीच्या थंड खोल्या आधीपासून आहेत त्यांनी एखाद्या कोपऱ्यात दोन वाफे करून पाहण्यास हरकत नाही. मात्र बटनच्या खोलीत उजेड नसतो आणि कर्बवायू साचलेला असतो, या दोन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

अर्धवट वाढून थांबलेली गुच्छी

देठ लांब आणि टोपी बोटाच्या पेराएवढी राहिली असेल तर हवा कोंडलेली आहे किंवा उजेड फार कमी आहे. आर्द्रता टिकावी म्हणून कमानींवरील फिल्म चोवीस तास बंद ठेवली जाते तेव्हा हे हमखास होते. पहाटे आणि सूर्यास्तानंतर अर्धा तास फिल्म उचलावी. टोपीला भोके पडली असतील तर रात्री विजेरी घेऊन गोगलगायी शोधाव्यात.

काढणी केव्हा करावी यावर मतभेद दिसतात. कडा गर्द राखाडी-तपकिरी झाल्या, खळगे उघडून खोल दिसू लागले आणि टोपी दाबल्यावर लवचीक लागली की गुच्छी पक्व समजून देठाशी धारदार सुरीने कापावी. टोपीची लांबी तोवर साधारण 8 सेंटीमीटरच्या आसपास जाते. त्यापुढे ठेवली तर बीजाणू उडू लागतात, कडा ठिसूळ होतात आणि वाळवल्यावर टोप्या मोडतात. कापलेली गुच्छी उभी चिरून पाहावी : टोपीपासून देठाच्या तळापर्यंत आत एकच सलग पोकळी असते. जंगलातून गोळा केलेल्या मालाबाबत ही तपासणी कधीही टाळू नये, कारण जायरोमिट्रा नावाची विषारी अळंबी वरवर गुच्छीसारखी दिसते. तिच्या टोपीवर खळग्यांऐवजी मेंदूसारख्या वळ्या असतात आणि चिरल्यावर आत वेड्यावाकड्या कप्प्यांची रचना दिसते. खरी गुच्छीसुद्धा कच्ची किंवा अर्धीकच्ची खाऊ नये. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात 2023 मध्ये एका उपाहारगृहात अशी गुच्छी खाल्ल्यानंतर 51 जण आजारी पडले आणि त्यांतील दोघे दगावले. लागवडीचा माल विकणाऱ्याने पाकिटावर पूर्ण शिजवण्याची सूचना ठळक छापावी.

त्याच जागेवर दुसरे वर्ष

पहिल्या वर्षी पीक चांगले आले आणि दुसऱ्या वर्षी त्याच वाफ्यांवर कळ्या मेल्या, ही तक्रार निराळी धरावी. गुच्छीच्या पिकानंतर माती आम्लतेकडे झुकते, फ्युजेरियमसारख्या बुरशी तिच्यात साठतात आणि उत्पन्न घसरत जाते. चीनमध्येही हा प्रश्न मोठा आहे. सिच्वानमधील शेतकरी गुच्छी निघाली की त्याच शेतात भात लावतात. पावसाळाभर खाचरात पाणी उभे राहिल्याने हवेवर जगणाऱ्या अनेक बुरशी आणि किडी मरतात आणि पुढच्या हिवाळ्यात जमीन पुन्हा लागणीस योग्य होते. उत्तराखंड किंवा हिमाचलमध्ये जेथे भातखाचरे आहेत तेथे हा फेरपालट सहज बसतो. जेथे भात शक्य नाही तेथे उन्हाळ्यात वाफे मोडून माती पातळ पसरवावी, ती उन्हात तापू द्यावी, सामू तपासून चुना मिसळावा आणि वाफ्यांची जागा बदलावी. बंद खोलीत वाफे असतील तर वापरलेली माती बाहेर काढून नवी भरावी आणि जुनी माती खोलीच्या दाराजवळ साठवू नये, कारण तिच्यावरून उडणारी धूळ पुन्हा नव्या वाफ्यांवरच येऊन बसते.